गाणे भरून मिळतील

सुधाकर, तुझ्या जाण्याने एका युगाचा अंत झाला.

हे वाक्य माझं नाही. फाट्यावर तुझ्या नावाचं जे फ्लेक्स लागलंय, त्याच्यावर ते आहे. युगाचं म्हणशील तर ते तुझ्याआधीच गेलं होतं. फुकट इंटरनेटचं सिम देवगाव फाट्यावर आलं त्याच आठवड्यात गेलं, आणि तू त्याच्या मयतीला हजर होतास. दुकानाच्या पायरीवर बसून, फोनमध्ये मान घालून समोरून जाणारी आपली गिऱ्हाइकं बघत तू चहा पीत होतास. "गेलं," म्हणालास. मी विचारलं, काय गेलं? "आपलं काम." मग कप खाली ठेवून म्हणालास, "आज साखर लय टाकली येड्यानं."

फ्लेक्सवरचा तुझा फोटो आपले पुढारी भाऊसाहेब यांच्या वाढदिवसाचा आहे. त्यात तू हसत होतास. श्रद्धांजलीला हसू चालत नाही म्हणून तो काळापांढरा केलाय. भाऊसाहेब रंगीत आहेत.

मी रागात लिहितोय. निम्मा राग तुझ्यावर आहे. उरलेला वाटून द्यायला माणसं भरपूर आहेत, त्यांच्याकडे येतोच.

तुझ्या नातीला उद्या सांगावं लागेल की तिचा आजोबा काय करायचा, आणि तिला ते खरं वाटणार नाही. की एक काळ असा होता, माणसं फोनच्या बॅटरीखालून नखाएवढं मेमरी कार्ड काढायची, ते पडू नये म्हणून मुठीत धरून जीपमधून फाट्यापर्यंत यायची, आणि 'गाणे भरून मिळतील' अशी पाटी असलेल्या दुकानात देऊन म्हणायची, "भरा." कसले भरू, असं तू विचारायचास. "भरा की चांगले." चांगले म्हणजे काय, हे तू ठरवायचास. त्या दुकानात कॉम्प्युटर उघडा असायचा, त्याच्या पोटावर टेबलफॅन रोखलेला आणि तुझ्या अंगावर घाम. यंत्राला वारा आणि मालकाला उकाडा असं ते एकुलतं एक दुकान मी पाहिलं.

तुझ्याकडे एक 'मिक्स' नावाचं फोल्डर होतं. त्यात अभंग होता, त्याच्या पाठीला पाठ लावून लावणी, मग रडणारा हिंदी प्रियकर, मग जयंतीचं गाणं, मग कव्वाली. बोरीकडून येणाऱ्या ट्रॅक्टरवर मी हे फोल्डर सलग ऐकलंय. ड्रायव्हर एकही गाणं पुढे ढकलत नव्हता. मी तेव्हा कॉलेजात मुलांना मोठ्या तोंडाने सांगायचो की समाज कसा असावा ते बघायचं तर आमच्या सुधाकरचं फोल्डर बघा. तू हे ऐकलंस आणि हसलास. तेव्हा का हसलास, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग मेमरी कार्डांचं ते दशक पुढे सरकलं आणि फोल्डरं फुटायला लागली.

आधी पोरं पुण्याच्या कंपन्यांत गेली आणि दिवाळीला येताना तिकडची गाणी घेऊन आली. त्यांत गाव नव्हतं. गाडी होती, गॉगल होता, आणि आपल्याला सोडून गेलेल्या मुलीला दिलेली धमकी होती. तू म्हणालास, "सर, गाडी कुणाकडंच न्हाई, पर गाणं सगळ्याकडं हाय." मग मुली आल्या. पहिल्यांदा त्या भावाच्या हाती कार्ड पाठवायच्या, आणि भाऊ निम्मी गाणी स्वतःची भरून न्यायचा. दोन-तीन वर्षांत त्या स्वतः आल्या, तोंडाला स्कार्फ बांधून, तिघी-चौघी मिळून. बाहेरच उभ्या राहायच्या. त्यातली एकच आत यायची आणि भराभरा सांगून मोकळी व्हायची. त्यांना बायकांनी गायलेली, नवऱ्याची फजिती करणारी गाणी पाहिजे असायची. फाट्यावरचे दोन-चार जाणते तुला समजावायला आले. पोरीबाळींना असलं कामून देतोस? तू त्यांना म्हणालास, "तुमच्या कार्डात काय हाय, वाचून दाखवू का इथं?" जाणते गेले. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. हे सांगायचं राहिलं. तेव्हा मी फक्त चहा सांगितला होता.

आणि मग आली ज्याची त्याची गाणी. तुझ्या 'मिक्स'च्या शेजारी एकेका समाजाचं फोल्डर उभं राहिलं. प्रत्येकात आपण वाघ, समोरचा कोण ते समजून घ्यायचं. वाघ इतके झाले की जिल्ह्यात शेळी शिल्लक राहिली असेल की नाही, अशी मला शंका यायची. एसटीत कुणाचा फोन वाजला की आडनाव विचारायची गरज उरली नाही. एकदा परभणीहून येताना पुढच्या सीटवरचा फोन वाजला. त्याला उत्तर म्हणून मागच्या माणसाने आपला फोन मुद्दाम वाजवला, आणि सेलूपर्यंत दोघेही एकमेकांकडे न बघता वाजवत राहिले. कंडक्टरने दोघांना उतरवलं नाही. त्याचा स्वतःचाही फोन खिशात होता.

त्यावरूनच आपलं वाजलं. मी म्हणालो, सुधाकर, हे दशक वाटोळं झालंय. आधी एका कार्डात गाव मावायचं, आता प्रत्येकाने आपापला भोंगा करून घेतलाय. तू कॉम्प्युटरकडे तोंड करूनच बोललास. शाळेत एका बाकावर बसलेल्या मला तू 'सर' म्हणायचास आणि 'अरे-तुरे'ही सोडायचा नाहीस.

"सर, तुला मिक्स आवडतं. कामून आवडतं, सांगू? मिक्समधी पयलं गाणं तुझ्या आळीचं असायचं."

"तूच लावायचास ना पहिलं?"

"मग. धंदा मला करायचा होता. आमच्या वस्तीचं गाणं पयलं लावलं असतं, तर गिऱ्हाइकानं 'बदल' म्हणलं असतं. तिसरं-चौथं लावलं तर ऐकायचेत. ते ऐकायचेत म्हणून तू म्हणायलास समाज लय भारी. आता ज्याला त्याला आपलं पयलं पायजे, तर तुला वाटोळं दिसायलंय."

मी गप्प बसणारा नाही. मी म्हणालो, मान्य, पण मग सगळ्यांच्या वाघांना एकच ढोल का लागतो? चाल तीच, ठेका तोच, फक्त नाव बदलायचं, ही कसली अस्मिता? तू म्हणालास, "ढोल एकच हाय, हे तर चांगलंच हाय की." मी म्हणालो, हा युक्तिवाद नाही, पळवाट आहे. तू म्हणालास, "बरं." तुझं 'बरं' म्हणजे वाद संपला असं नसायचं, गिऱ्हाईक आलं असं असायचं. वर्षानुवर्षं आपण त्या वादाला गिऱ्हाइकाच्या वेळापत्रकाप्रमाणे सोडत-धरत आलो. आता मी एकटाच उरलोय आणि मला अजूनही वाटतं की निम्मं मीच बरोबर आहे. हे तुझ्या तोंडावर म्हणता येत नाही, याचा राग वेगळाच.

नाव बदलायचं म्हटलं की भाऊसाहेबांचं गाणं आलंच. तू पुढाऱ्यांची गाणी करून द्यायचास. परभणीच्या एका गायकाकडून एकदाच गाऊन घ्यायचं आणि नावाच्या जागी नाव बसवायचं. अण्णांच्या वाढदिवसाला जे गाणं वाजलं, तेच त्यांचे कट्टर विरोधक भाऊसाहेब यांना तू दिलंस, आणि दुसऱ्या कडव्यातलं अण्णांचं नाव काढायचं विसरलास. मिरवणूक निघाल्यावर तुझ्या लक्षात आलं. घाम पुसत माझ्याकडे आलास. "सर, मेलो. दुसऱ्या कडव्यात अण्णा हाय." आपण दोघं रस्त्याकडेला उभं राहून वाट बघत होतो. दुसरं कडवं आलं. अण्णांच्या नावाचा जयजयकार झाला. भाऊसाहेबांची पोरं आणखी जोरात नाचली. जीपवर उभ्या भाऊसाहेबांनी हात जोडले. संध्याकाळी त्यांनी तुला बोलावून शाल दिली आणि म्हणाले, "गाणं एक नंबर." ती शाल तू धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटरवर टाकलीस. तिचा इतका योग्य वापर झालेला मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हा मी तुला म्हणालो होतो, बघ, लोक शब्द ऐकतच नाहीत, तुझ्या दशकाने एवढंच कमावलंय.  तू उठलास, शटर अर्धं ओढलंस आणि तुझ्या सासूबाई लावल्यास.

तुझ्याकडे आणखी एक फोल्डर होतं, ज्यातलं कुणीच भरून मागत नव्हतं. माइक घेऊन तू लग्नाघरी, हळदीला, जात्यापाशी जायचास आणि म्हाताऱ्या बायकांचं जे मिळेल ते रेकॉर्ड करून आणायचास. चुडाव्याच्या एका लग्नात तुला बायकांनी हाकलून दिलं होतं, हे तूच कौतुकाने सांगायचास. त्या फोल्डरात गयाबाई होत्या, तुझ्या सासूबाई, कुसुमवहिनींच्या आई. तुझ्या लेकीच्या, पूजाच्या हळदीला त्यांनी गायलेलं. मागे बांगड्यांचा आवाज, एक लेकरू रडतंय, कुणीतरी "ताट सरकवा" म्हणतंय, आणि त्याच्यावरून तो खरखरीत आवाज:

हळद लागली गं माझ्या पूजाला पूजाला,
रुखवतात मांडा तिच्या कालेजाचा दाखला.

ज्या बाईला सही येत नव्हती, तिने नातीच्या रुखवतात, शेवया-कुरडयांच्या शेजारी, पास झाल्याचा कागद मांडायला सांगितला होता. आणि तुम्ही तो खरंच मांडला होता, फ्रेम करून. मी त्या लग्नाला होतो. मला तो शिष्टपणा वाटला होता. गाणं ऐकल्यावर कळलं की तो गयाबाईंचा हुकूम होता.

"आता सांग," तू म्हणालास. "दशकात काय बदललं, सांग."

मी म्हणालो, एका म्हातारीचं गाणं म्हणजे दशक नव्हे.

"मग भाऊसाहेबाचं गाणं दशक हाय का?"

तेवढ्यात कुणीतरी अर्धं शटर वाजवलं आणि तू "बरं" म्हणालास.

मी तुला किती वेळा सांगितलं, सुधाकर, की याची दुसरी प्रत काढून ठेव. एक पेनड्राइव्ह घे, मला दे, पूजाला दे. जगाची गाणी जगाला भरून देणारा माणूस तू, स्वतःच्या घरचं एक गाणं दुसरीकडे भरून ठेवता आलं नाही तुला? "उद्या करू." गयाबाई गेल्या तेव्हाही म्हणालास, "उद्या करू, आज ऐकवत न्हाई." मला तुझं दुःख कळत होतं. पण आळस आणि दुःख यांची तू जी मिसळ केलीस, तिच्याबद्दल मी तुला माफ करणार नाही. हा तो निम्मा राग.

तू गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं. मला म्हणाल्या, "भाऊजी, एक काम सांगू का?"

"सांगा."

"माझ्या मायचं ते हळदीचं गाणं हाय ना, ते माझ्या फोनमधी टाकून द्या. मला चाल येती, पर मधले बोल येत न्हाईत. माय दर बारीला येगळं म्हणायची. पूजाच्या पोरीला म्हणून दाखवायचंय. यांला सांगितलं की उद्या म्हणायचे." मग म्हणाल्या, "दुसरं काय बी नको मला त्या दुकानातलं."

मी म्हणालो, शोकसभा झाली की दुकान उघडून टाकून देतो. ही सभाच आधी उरकावी असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. शोकाची मंडळी फार घाईत असतात.

सभा फाट्यावरच झाली. तुला बघायला मिळाली नाही, म्हणून सांगतो. मांडव, लाल खुर्च्या, व्यासपीठावर भाऊसाहेब आणि अण्णा दोघेही. तुझ्यासाठी एकत्र आले असं सूत्रसंचालक तीन वेळा म्हणाला. भाऊसाहेबांनी तुला 'लोकसंगीताचा जतनकर्ता' केलं. अण्णांनी त्यावर चढवून 'चालतंबोलतं संग्रहालय' केलं. सुधाकररावांचा ठेवा जपला पाहिजे, असं दोघांचंही ठाम मत पडलं. मग भाऊसाहेबांनी जाहीर केलं की तुझ्या स्मरणार्थ त्यांनी फाट्यावर सीसीटीव्ही कॅमेरा दिला आहे. पडदा ओढला, खांबावर कॅमेरा दिसला, खाली तुझ्या नावाची पट्टी. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कुणाला आठवलं नाही, मीही वाजवल्या. मग दोन मिनिटं मौन पाळलं आणि लगेच, तूच केलेलं म्हणून, भाऊसाहेबांचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यात अण्णा अजून आहेत. अण्णा शेजारीच बसले होते. मान डोलावत होते.

ते गाणं अमर आहे, सुधाकर. निम्म्या तालुक्याच्या फोनमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. तुझा पुतण्या नितीन स्टुलावर बसून वायरी गुंडाळत होता. कॅमेरा त्यानेच बसवला होता. तो त्याचा धंदा आहे आणि तो चांगला करतो. तुझा कॉम्प्युटर उघडा होता, नेहमीसारखा. पण पोटात डिस्क नव्हती.

"नितीन, गाण्यांची डिस्क कुठंय?"

"ती? ती डीव्हीआरमधी टाकली की, सर." त्याने कोपऱ्यातल्या, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या काळ्या डब्याकडे बोट केलं. "भाऊसाहेबांनी कॅमेरा दिला, डबा दिला, पर डिस्क धाडलीच न्हाई. उद्घाटन उद्यावर आलेलं. म्हणलं, काकाची पडूनच हाय. काकाच्या नावाचा कॅमेरा, काकाचीच डिस्क. काकाला बरं वाटंल."

"आणि आतली गाणी?"

"फॉरमॅट केल्याबिगर घेत न्हाई ते. विचारतंय, मी ओके केलं."

"प्रत काढलीस?"

"कशाची, गाण्यांची? सगळे गाणे नेटवर हायत की, सर."

"गयाबाईचं गाणं नेटवर आहे?"

त्याच्या हातातली वायर थांबली. "आजीचं पण त्याच्यातच होतं?" मग त्याने तेच पुन्हा विचारलं, हळू आवाजात, मला नाही, त्या डब्याला.

मला ओरडायचं होतं. ओरडलोही थोडं. पण नितीन वाईट नाही, हीच माझी अडचण आहे. तो तुझ्या मयतीला सगळ्यांत पुढे होता. ज्यांनी ठेवा जपण्याचं भाषण केलं ते एक डिस्क पाठवायला विसरले, आणि ज्याने भाषण केलं नाही तो तुझा मान राखायला गेला आणि त्याने ठेवाच पुसला. सगळ्यांनी तुझ्यावर इतकं प्रेम केलं की काही शिल्लक राहिलं नाही. बोट ठेवायला एकही हरामखोर मिळू नये, हा किती मोठा छळ आहे हे तुला कळलं असतं. आणि तू "बरं" म्हणाला असतास.

नितीनने त्याच दिवशी डिस्क काढून परभणीला नेली. तिथल्या माणसाने खटपट केली आणि सांगितलं, वर नवीन चित्रण बसलंय, खालचं आता निघणार नाही. तोवर कॅमेरा बंद का, म्हणून भाऊसाहेबांच्या माणसाचे फोन येऊन गेले होते. नितीनने डिस्क परत बसवली.

वहिनींना मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. फॉरमॅट म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. "म्हंजी माय पुसली," त्या म्हणाल्या. मग उठून पदर सावरला. "मला ती डिस्क दाखवा."

मी म्हणालो, बघण्यासारखं काही नाही.

"असू द्या. दाखवा."

आम्ही दुकानात गेलो. नितीन उठून उभा राहिला, त्यांच्याकडे बघेना. त्याने त्यांना स्टूल दिलं आणि पडदा चालू केला. फाटा दिसत होता. एक जीप भरत होती, कुणीतरी ऊस चघळत उभा होता, तुझं फ्लेक्स वाऱ्याने एका बाजूने सुटलं होतं. वहिनी पुष्कळ वेळ पडद्याजवळ तोंड नेऊन बसल्या. मग कान नेला.

"नितीन, आवाज वाढव रं बाबा," त्या म्हणाल्या.

"काकू," नितीन म्हणाला, "ह्या मॉडेलला आवाज नसतो."